विडी ओढता की तंबाखू खाता? : एका प्रश्नाची कुळकथा

तारापूर-बोईसरच्या वस्त्यांत आशाताई तिशी ओलांडलेल्यांचा फॉर्म भरतात, त्यात एक प्रश्न हमखास असतो : विडी-सिगारेट ओढता का, तंबाखू-गुटखा खाता का? उत्तराला गुण आहेत. बेरीज 4 च्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं.

या साध्या प्रश्नामागे मुंबईतल्या परळची मेहनत आहे. 1941 मध्ये परळला कर्करोगाचं टाटा रुग्णालय सुरू झालं आणि डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तिथला पॅथॉलॉजी विभाग उभारला. 1950 मध्ये डॉल आणि हिल यांनी लंडनमध्ये सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. आपल्याकडे मात्र तंबाखू ओढतात तशी चघळतातही. म्हणून संघवी, राव आणि खानोलकर यांनी तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतच्या कर्करोगांसाठी दोन्ही सवयी तपासल्या. त्यांचा निबंध 1955 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. 1971 मध्ये जस्सावाला आणि देशपांडे यांनी मुंबईतल्या 2,005 रुग्णांची तितक्याच निरोगी माणसांशी तुलना करून हा पुरावा भक्कम केला.

तपासायला कोणाला निवडावं, याचं उत्तर पुढे त्रिवेंद्रमने दिलं. तिथल्या मुखतपासणीच्या चाचणीचे निष्कर्ष 2005 मध्ये आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. सगळ्यांची एकत्र बेरीज केली, तेव्हा फरक तितका ठाम राहिला नाही.

अन्ननलिकेसाठी तर ही निवड अधिकच गरजेची आहे. तोंड टॉर्चने दिसतं, इथे दुर्बीण घालावी लागते. चीनच्या त्सीश्यानमध्ये हा रोग इतका होता की निवडक गावांतल्या 40 ते 69 वयाच्या सगळ्यांनाच दुर्बिणीच्या तपासणीला बोलावलं. आयोडीन लावून न रंगलेले डाग शोधले आणि मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. आपल्याकडे गावागावांत दुर्बीण पोचणार नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचे कर्करोग आहेत, अन्ननलिका नाही.

तरी निवडीचं साधन आशाताईंच्या हातात आहेच. विडी, तंबाखू, दारू यांची उत्तरं एकत्र वाचावीत. किती वर्षं, दिवसातून किती वेळा, हेही विचारावं. बायकांना मशेरीबद्दल आवर्जून विचारावं, कारण तिला अनेकजणी व्यसन मानतच नाहीत. आणि ज्याचा घास अडकतो, त्याच्या गुणांची बेरीज करत बसू नये. त्याला थेट दुर्बिणीच्या तपासणीला पाठवावं; त्या टप्प्यावर आजार बहुधा पुढे सरकलेला असतो. घास अडकण्याआधीच माणूस हेरायचा, यासाठीच तर हा प्रश्न घडवला गेला.