नाणेघाटातली जकात शिलालेखात कुठे आहे?

'दावा' आणि 'पुरावा' यातला फरक समजून घ्यायला नाणेघाटाइतकी सोयीची जागा मला तरी माहीत नाही. एका दिवसात जाऊन येता येतं, खर्च एसटीच्या तिकिटाएवढा, आणि पुरावा दोन हजार वर्षं भिंतीवरच आहे. मी सायन्सवाली, त्यामुळे इतिहासाकडे बघतानाही माझा पहिला प्रश्न असतो : हे नेमकं कशावरून?

आधी वाट समजून घेऊ. सोपारा, कल्याण ही कोकणातली बंदरं आणि घाटमाथ्यावरचं जुन्नर, पुढे पैठण, यांना जोडणारी ही सह्याद्रीतली खिंड. सातवाहनांच्या काळात माल इथूनच वर चढायचा. माथ्याच्या जरा खाली खोदलेली गुहा आहे. तिच्या दोन बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, वरची नावं राहिली. त्यात सिमुक आहे, सातकर्णी आहे आणि देवी नायनिका, म्हणजे आपली नागनिका, आहे.

माथ्यावर एक दगडी रांजण दिसतो. कोणीही सांगेल, 'यात जकातीची नाणी टाकायचे, म्हणून नाणेघाट.' गोष्ट इतकी फिट बसते की आपण पुढे विचारतच नाही. आता गुहेत या आणि लेखात जकात शोधा. सापडत नाही. वाचता येतो तेवढ्या लेखात आहेत ते यज्ञ (अश्वमेध, राजसूय वगैरे) आणि त्यात दिलेली दक्षिणा : गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नावाची नाणी. हे सांगणारी राणी स्वतःला वेदिसिरी आणि सतिसिरी यांची आई म्हणवते, महिनाभर उपवास करणारी म्हणवते. अभ्यासक तिला नागनिका मानतात. पण मोठ्या लेखाचे बरेच तुकडे उडालेत, त्यामुळे ही ओळखसुद्धा काही प्रमाणात जुळवलेली आहे. पेपर वाचताना चौकोनी कंसातली अक्षरं दिसली की थांबा. ती दगडावर नाहीत, संपादकाने भरलेली आहेत. ग्योर्ग ब्यूलरने १८८३ मध्ये छापलेलं वाचन घेऊन सुरुवात करा, हा भाग तिथे स्पष्ट कळतो.

सायन्सवाल्यांसाठी खरी मेजवानी आकड्यांची आहे. आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या अंकांमध्ये हे अंक मोजले जातात, आणि पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यावर मूलभूत काम केलंय. इथे शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. १,००१ लिहायचं तर हजाराचं चिन्ह आणि शेजारी एकाचं. एके ठिकाणी २४,४०० कार्षापण येतात. ते २०,०००, ४,००० आणि ४०० अशा तीन चिन्हांनी लिहिलेत. ४,००० म्हणजे हजाराच्या चिन्हालाच चाराचं चिन्ह जोडायचं. हे कार्षापण चांदीचे होते असं धरलं आणि एकाचं वजन ३.४ ग्रॅम घेतलं, तर साधारण ८३ किलो चांदी होते. एका यज्ञाची दक्षिणा!

मग एवढा पैसा आला कुठून? इथे जकातीची शक्यता पुन्हा उभी राहते, आणि मला ती पटतेही. व्यापारी वाट, वाटेवर खोदलेली पाण्याची टाकी, राजघराण्याने नेमकी हीच जागा निवडणं, सगळं त्याच दिशेला बोट दाखवतं. पण हा अनुमानाचा भाग. तुमच्या प्रबंधात 'शिलालेखानुसार जकात घेतली जाई' असं वाक्य गेलं, तर परीक्षक तिथेच पकडणार. 'रांजण आणि नाव यांवरून असा तर्क केला जातो' हे वाक्य चालेल.

आता प्लॅन. कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी पहिली एसटी पकडा आणि वैशाखऱ्याच्या पुढे पायवाट सुरू होते तिथे उतरा. कंडक्टरला आधीच सांगून ठेवलेलं बरं. चढायला अडीच-तीन तास धरा, प्रत्येकी तीन लिटर पाणी. पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो हे खरं, पण शेवाळ, धुकं आणि गर्दी यात अक्षरं बघणार कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. चढाई पहाटे सुरू केली तर गुहेत दोन तास निवांत मिळतात.

टॉर्च नक्की न्या. उजेड समोरून न टाकता भिंतीला लागून तिरका टाका, म्हणजे खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. खडू फिरवू नका, पाणी मारू नका, ठसा तर अजिबात घेऊ नका; हे संरक्षित स्मारक आहे. फोटोत मोजपट्टी ठेवा आणि कुठली भिंत, कितवी ओळ हे तिथल्या तिथे वहीत लिहा. घरी आल्यावर सगळे फोटो सारखेच दिसतात.

दुपारी दोनच्या आत उतरायला लागा. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, आणि रस्त्यावर परतीच्या एसटीची किती वाट बघावी लागेल याचा भरवसा नसतो.