अपुरा पत्ता, पुरती ओळख

पत्ता अपुरा असला तरी पत्र पोहोचते का, हा प्रश्न वरकरणी टपाल खात्याचा वाटतो. आमच्या मते तो लेखनव्यवहाराच्या इतिहासाचाही आहे. कारण कोणता पत्ता 'पुरा' मानायचा, ही कल्पनाच काळानुसार बदलत आली आहे.

पेशवाईत पत्रे जासूद नेत. पत्र कोणाच्या हाती द्यायचे हे जासुदाला ठाऊक असे. म्हणून मायन्याचा भर ठिकाणापेक्षा मान आणि नाते यांवर दिसतो: राजमान्य राजश्री, तीर्थरूप, चिरंजीव. १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा हा एकसमान दर लागू झाला. पत्र आता अनोळखी हातांतून जाऊ लागले. लिहिणाऱ्याची सवय मात्र जुनीच राहिली. जेफ्री क्लार्क यांच्या भारतीय टपालावरील १९२१च्या पुस्तकात अशा पत्त्यांचे नमुने आहेत. त्यांत आशीर्वाद नि विशेषणे ठिकाणाच्या बरोबरीने येतात. मायना जणू पाकिटाच्या आतून बाहेर आला होता.

पुढे 'मु. पो., तालुका, जिल्हा' ही चौकट रुळली. वडगाव, पिंपळगाव ही नावे अनेक तालुक्यांत असल्याने ती आवश्यकच होती. परंतु सर्वांनाच तीत जागा नव्हती. गिरणगावात गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत पथारी टाकणाऱ्या कामगाराला स्वतःचा पत्ता कोठून असणार? त्याचे पत्र कोणाच्या तरी 'मार्फत' येई. 'मार्फत' हा एकच शब्द त्या माणसाची शहरातील स्थिती सांगून जातो.

जे पत्र कोणालाच पोचते करता येत नसे, ते 'डेड लेटर ऑफिस'कडे जाई. १८९८च्या कायद्यानुसार तेथे आधी पत्त्याचा शोध घ्यायचा आणि तो न लागल्यासच गोपनीयतेने बांधलेल्या अधिकाऱ्याने पत्र उघडायचे, असा क्रम होता. पत्ता अपुरा राहण्याची किंमत अशी, की खाजगी मजकूर परक्याच्या डोळ्यांखालून जावा.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी व नाटककार, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी विसरू नये. सारख्या नावांचा आणि भिन्न लिप्यांचा घोटाळा अंकांनी सोडविला. तरीही पिनकोड पत्र नेतो तो वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयापर्यंतच. तेथून उंबऱ्यापर्यंतचे अंतर पोस्टमनची माहितीच तोडते. अपुऱ्या पत्त्याची पत्रे पोहोचली ती याच शेवटच्या टप्प्यावर, कोणी तरी त्या माणसाला ओळखत होते म्हणून.

२०२५ साली टपाल खात्याने 'डिजिपिन' आणला. दहा अक्षर-अंकांचा हा संकेत सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवितो. जागा इतकी नेमकी झाली; पण त्या चौकोनात कोण राहते, याविषयी तो मौन पाळतो. मायन्यात माणूस होता आणि जागा नव्हती. येथे नेमके उलट झाले आहे.

म्हणूनच जुना पत्रव्यवहार संपादित करताना मायना, पत्ता आणि पाकीट ही टरफले समजून टाकून देऊ नयेत, असे आम्हांस वाटते. मजकूर लेखकाचा असतो; पत्ता मात्र समाजाने त्या माणसाला कोठे आणि कसे ओळखले, याची नोंद असतो. ती नोंद गमावल्यावर हाती उरलेले पत्रच अपुरे ठरते.