चौथ्या प्रतीतली गर्दी

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. या घटनेचा इतिहास लिहिणाऱ्याला व्यासपीठाची अडचण पडत नाही. बोलणाऱ्यांची नावे कुठेतरी छापली जातातच. समोर उभे राहिलेल्या माणसांची नोंद मात्र प्रस्थापितांनी ठेवली नाही आणि आम्हीही ठेवली नाही. आता कॅमेरा आमच्या हातात आहे. तरी तेच घडते आहे, ते कसे, हे मी एका चित्रफितीवरून सांगतो.

नव्वदच्या दशकातल्या एका २५ डिसेंबरचे चित्रण मला मोबाइलवर आले. वक्त्याचा चेहरा ओळखू येत होता. समोरच्या गर्दीच्या जागी करड्या चौकोनांचा चिखल. शोध घेतला तेव्हा मूळ व्हीएचएस टेप डेपोतून निवृत्त झालेल्या एका काकांच्या कपाटात निघाली. मागून आणलेल्या व्हीसीआरवर ती लावली. फलकावरचे वस्तीचे नाव वाचता आले, आणि पुढच्या रांगेत काकांनी आपली आई ओळखली.

मग मोबाइलवरची आई कुणी पुसली? कुणा एकाने नव्हे. एका स्टुडिओने टेपची डीव्हीडी केली, ४:३ चे चित्र १६:९ मध्ये ताणून. दुसऱ्याने त्यावर फुले आणि अक्षरे चढवून फाइल पुन्हा काढली. तिसरी प्रत व्हॉट्सअॅपने लहान केली, चौथी अपलोड होताना. प्रत्येक वेळी कोडेक काही तपशील टाकून देतो, आणि पुढचा उरलेल्यातून टाकतो. स्थिर भाग आधीच्या चौकटीतूनच उचलता येतो, त्याला फारसा डेटा लागत नाही. शेकडो हलत्या चेहऱ्यांना खूप लागतो. बिटरेट अपुरा पडला की आधी गर्दी जाते, व्यासपीठ राहते. यंत्राला जात कळत नाही. पण निवड ओळखीची वाटते.

कार्यकर्ते म्हणतात, पोचले म्हणजे झाले. त्यांचे अगदीच चूक नाही; ती चिखलातली प्रत आली नसती तर मी टेपपर्यंत गेलोच नसतो. पण पोचवायची प्रत वेगळी आणि जपायची वेगळी.

आम्ही टेप एकदाच डीव्ही स्वरूपात उतरवली, तासाला सुमारे १३ जीबी. त्या फाइलला हात लावायचा नाही. संपादन तिच्यावरून, आणि एक्सपोर्ट एकदाच. चित्र ४:३ च ठेवले, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तरी. जुन्या टेपच्या एकाआड एक रेषा सरळ करून सेकंदाला ५० चौकटी घेतल्या. ३० केल्या असत्या तर हालचाल अडखळली असती. यूट्यूब काहीही दिले तरी पुन्हा दाबतेच, आणि मोठ्या चित्राला जास्त डेटा देते. म्हणून १४४० × १०८० पर्यंत वाढवून, १२ मेगाबिटच्या बिटरेटने चढवले. वाढवल्याने नवा तपशील येत नाही, आहे तो कमी मरतो. विद्यार्थ्यांना फाइल पाठवताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तशी ती दाबली जात नाही.

मूळ फाइलची एक हार्ड डिस्क माझ्याकडे, दुसरी काकांकडे. पुढच्या रांगेतल्या बाकी बायकांची नावे अजून लागलेली नाहीत. येत्या २५ डिसेंबरला मोठा पडदा लावून म्हाताऱ्या माणसांना विचारायचे ठरले आहे.