टेकडीवरचं विद्यापीठ

भारतातून नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांचा डॅलसमध्ये एक घोटाळा हमखास होतो. 'युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस' आणि 'युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस अॅट डॅलस' ही दोन्ही नावं त्यांना एकाच संस्थेची वाटतात. दुसरी, म्हणजे आपल्या तोंडी बसलेली यूटीडी, रिचर्डसनला आहे. ती सरकारी आहे, मोठी आहे आणि आपल्या मंडळींना घरच्यासारखी आहे. पहिली मात्र नावात डॅलस असूनही डॅलसमध्ये नाही. ती आहे आपल्या अर्विंगमध्ये, हायवे ११४ च्या बाजूच्या टेकडीवर. रोज त्या रस्त्यानं कामावर जाणाऱ्यांना तिचा उंच विटांचा मनोरा दिसतो. २०१२ पासून डार्टच्या ऑरेंज लाइनवर तिच्या नावाचं स्टेशनही आहे. पण तो मनोरा कोणी बांधला, का बांधला, हे विचारलं तर आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल.

मी या विद्यापीठाचा विद्यार्थी नाही आणि कॅथलिकही नाही. तरीही त्याचा इतिहास आपण परदेशी आलेल्या माणसांनी वाचण्यासारखा आहे असं मला वाटतं. कारण तो बऱ्याच अंशी परदेशातून आलेल्या माणसांचाच इतिहास आहे.

नाव जुनं, विद्यापीठ नवं

१९०५ मध्ये व्हिन्सेन्शियन पंथाच्या पाद्र्यांनी डॅलसमध्ये 'होली ट्रिनिटी कॉलेज' काढलं. १९१० मध्ये त्याला 'युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस' या नावानं सनद मिळाली. पण संस्था तग धरू शकली नाही. विसाव्या शतकाचं तिसरं दशक संपता संपता ती बंद पडली आणि मागं उरला तो सनदेचा कागद. पंचवीसेक वर्षं तो तसाच पडून होता.

तो पुन्हा हाती घेतला तो बायकांनी. 'सिस्टर्स ऑफ सेंट मेरी ऑफ नामूर' हा मूळचा बेल्जियममधला जोगिणींचा संघ. त्यातल्या काही जणी १८७३ मध्ये टेक्ससमध्ये, वेको गावी आल्या आणि शाळा चालवू लागल्या. पुढं फोर्ट वर्थला त्यांचं 'अवर लेडी ऑफ व्हिक्टरी' हे दोन वर्षांचं छोटं कॉलेज होतं. त्याचं पूर्ण विद्यापीठ व्हावं अशी त्यांची इच्छा होती. १९५५ मध्ये त्यांनी ती जुनी सनद मिळवली. यूजीन कॉन्स्टँटिन आणि एडवर्ड माहर हे दोन गृहस्थ त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि सगळे मिळून बिशप टॉमस गोरमन यांच्याकडं गेले. बिशपनी होकार दिला, पण आपल्या अटीसह. मुलं आणि मुली एकत्र शिकतील आणि कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही वर्णाच्या विद्यार्थ्याला दार उघडं राहील.

ही अट आज वाचताना साधी वाटते. त्या काळच्या टेक्ससमध्ये ती साधी नव्हती. ऑस्टिनच्या सरकारी विद्यापीठानं पदवीच्या वर्गांत काळ्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा प्रवेश दिला तो १९५६ मध्ये. नेमक्या त्याच वर्षी, सप्टेंबरात, अर्विंगचं हे विद्यापीठ सुरू झालं. जागा हजार एकर, विद्यार्थी ९६!

अर्विंग तरी तेव्हा केवढं होतं? १९०३ मध्ये वसलेल्या या गावाची वस्ती १९५० च्या शिरगणतीत २,६२१ भरली होती. १९६० मध्ये ती ४५,९८५ झाली. म्हणजे विद्यापीठाचा पाया खणला जात होता तेव्हा गावही वाढत होतं. लास कोलिनासच्या काचेच्या इमारती, विमानतळ, आपली देशी दुकानं, हे सगळं पुष्कळ नंतरचं. तेव्हा आजूबाजूला होतं ते बहुतांशी गवताळ माळरान.

घर गमावलेले मास्तर

विद्यापीठ काढायचं तर शिकवणारे हवेत. नामूरच्या सिस्टर्स होत्या, तीन फ्रान्सिस्कन पाद्री होते, काही संसारी प्राध्यापक होते. आणि होते हंगेरीचे सिस्टर्शियन साधू. यांची हकिगत जरा सविस्तर सांगायला हवी.

हंगेरीत झिर्त्स नावाच्या गावी ११८२ मध्ये राजा तिसरा बेला यानं सिस्टर्शियन मठ स्थापन केला. शतकानुशतकं त्यानं नाना राजवटी पाहिल्या. तिथले साधू नुसते जपतप करणारे नव्हते. शाळा चालवणं, मुलं शिकवणं हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा धर्म. १९५० मध्ये कम्युनिस्ट सरकारनं मठ बंद केला. शाळा त्याआधीच सरकारजमा झाल्या होत्या. काही साधू तुरुंगात गेले, काही सीमा ओलांडून निसटले. निसटलेल्यांपैकी काही अमेरिकेत पोचले आणि डॅलसच्या नव्या विद्यापीठाला मास्तर हवे आहेत हे कळल्यावर इथं जमा झाले. विद्यापीठ सुरू होऊन दोन महिनेही झाले नसतील, तोच बुडापेस्टचा उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला आणि आणखी काही तरुण साधू देश सोडून बाहेर पडले. पुढं त्यांच्यातलेही काही अर्विंगच्या या घोळक्यात येऊन मिळाले.

आपणही देश सोडून आलो, पण आपल्या पासपोर्टावर परतीचा रस्ता शाबूत होता. आईवडिलांना फोन करता येत होता, दिवाळीला नाही तर दोन वर्षांनी जाता येत होतं. या माणसांना तसं काही नव्हतं. विद्वान होते, युरोपातल्या विद्यापीठांच्या पदव्या होत्या. पण परकी भाषा, टेक्ससचा उन्हाळा आणि मागं कुलूप लागलेलं घर. त्यांनी विद्यापीठाच्या शेजारीच मठ बांधला. १९६२ मध्ये मुलग्यांसाठी 'सिस्टर्शियन प्रिपरेटरी स्कूल' काढलं आणि १९६३ मध्ये त्यांच्या मठाला स्वतंत्र मठाचा दर्जा मिळाला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांनी शाळा काढली ती डॅलसच्या मुलांसाठी. हंगेरियन मुलांसाठी काढायची तर पुरेशी मुलं मिळणं कठीणच होतं. बरोबर आणलेली सगळ्यांत मौल्यवान गोष्ट कोणती, तर शिकवण्याची रीत. ती त्यांनी या गावाला देऊन टाकली.

मनोरा

आता त्या मनोऱ्याकडं वळू. 'ब्रॅनिफ मेमोरियल टॉवर' हे त्याचं नाव. ब्रॅनिफ म्हटलं की इथल्या जुन्या लोकांना विमानं आठवतात. टॉम ब्रॅनिफ आणि त्यांचा भाऊ पॉल यांनी १९२८ मध्ये विमान कंपनी सुरू केली. जानेवारी १९५४ मध्ये टॉम ब्रॅनिफ लुइझियानात विमान अपघातात गेले आणि त्याच वर्षी त्यांची पत्नी बेसही गेली. त्यांची मुलं त्यांच्या आधीच वारली होती. मागं वारस म्हणून उरलं ते एक धर्मादाय प्रतिष्ठान. १९६६ मध्ये त्या प्रतिष्ठानानं विद्यापीठाला पदव्युत्तर शाखेसाठी ७५ लाख डॉलर दिले. मनोरा उभा राहिला तो त्याच सुमारास, या दांपत्याची आठवण म्हणून.

हे वाचताना मला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव आठवलं. हिंगण्याच्या माळावर झोपडीपासून सुरुवात करणाऱ्या अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला आईच्या नावानं १५ लाख रुपयांची देणगी दिली. क्रम तिथंही तोच होता. आधी वेडी माणसं, मग विद्यार्थी आणि देणगीदाराचं नाव सर्वांत शेवटी.

मनोऱ्याचा आणि आवारातल्या बऱ्याच इमारतींचा वास्तुकार ओनील फोर्ड. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींना त्याचं दुसरं एक काम जवळचं वाटेल. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची १९५८ ची सेमीकंडक्टर इमारत त्यानं रिचर्ड कॉली यांच्याबरोबर उभारली. त्याच वर्षी त्याच कंपनीत जॅक किल्बीनं पहिलं इंटिग्रेटेड सर्किट चालवून दाखवलं. फोर्डच्या इमारतींत डोळे दिपवणारं काही नाही. साधी वीट, सावलीचे ओटे, टेकडीचा उतार न मोडता केलेली बांधणी. हा मनोरा मात्र त्यानं दुरून दिसावा असा केला.

त्यानंतरची गंमत पाहा. ब्रॅनिफ विमान कंपनी १२ मे १९८२ रोजी बंद पडली. विद्यापीठाच्या समोर, हायवेपलीकडं, १९७१ मध्ये टेक्सस स्टेडियम उभं राहिलं होतं. छपराला मोठं भोक असलेलं ते स्टेडियम साऱ्या अमेरिकेत टीव्हीवर दिसायचं. काउबॉईज आर्लिंग्टनला गेले आणि ११ एप्रिल २०१० रोजी सुरुंग लावून ते पाडलं. विमानं गेली, स्टेडियम गेलं. ब्रॅनिफ हे नाव लोकांच्या तोंडी राहिलं ते मनोऱ्यामुळं आणि त्याच्या पायथ्याच्या रस्त्यामुळं.

अर्थात विद्यापीठं नेहमीच टिकतात असंही नाही. इथले दुसरे अध्यक्ष रॉबर्ट मॉरिस १९६२ मध्ये पायउतार झाले आणि त्यांनी प्लेनोला स्वतःचं विद्यापीठ काढलं. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातला मलेशियाचा मंडपसुद्धा तिथं आणून उभा केला होता. ते विद्यापीठ १९७०च्या दशकातच बंद झालं. देखणी वास्तू असली म्हणून संस्था जगतेच असं नाही.

अभ्यासक्रम आणि संध्याकाळचे वर्ग

अर्विंगचं विद्यापीठ जगलं याचं बरंचसं श्रेय डोनाल्ड कोवन आणि त्यांची पत्नी लुईझ यांना देतात. ते पदार्थविज्ञानाचे, त्या साहित्याच्या. १९६२ ते १९७७ डोनाल्ड कोवन अध्यक्ष होते. पदवी कशातही घ्या, होमर, प्लेटो, दांते, शेक्सपिअर सगळ्यांनी वाचायचेच, असा समान अभ्यासक्रम त्यांच्या काळात घट्ट झाला. १९६३ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. १९७० पासून विद्यार्थ्यांना एक सत्र रोमला पाठवायला सुरुवात झाली.

याच्या जोडीला, १९६६ मध्ये, नोकरी करणाऱ्यांसाठी व्यवस्थापनाचं शिक्षण सुरू झालं. दिवसा ऑफिस, संध्याकाळी वर्ग. या दारानं भारतीयही आत गेले. आज इथल्या बिझनेस कॉलेजवर सतीश आणि यास्मिन गुप्ता यांचं नाव आहे. दोघेही भारतातून आलेले आणि इथलेच एमबीए. बिशप गोरमन यांची अट कुठवर पोचली ते यावरून दिसतं.

दगड

शेवटची खूण मनोऱ्याइतकी दुरून दिसत नाही. साधूंचं देऊळ, म्हणजे मठाचं चर्च, १९९२ मध्ये पुरं झालं. वास्तुकार डॅलसचे गॅरी कनिंगहॅम. टेक्ससचाच चुनखडीचा दगड, चारशेहून अधिक चिरे आणि एकेक चिरा दोन टनांहून जड. दगडाचा मुलामा नाही, भिंतच दगडाची आहे आणि ती स्वतःचा भार स्वतः पेलते. छप्पर आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून प्रकाश खाली झिरपतो. गगनचुंबी इमारतींच्या शेजारी, कॉम्प्युटरच्या जमान्यात, बाराव्या शतकात शोभेल असं बांधकाम! आत उभं राहिलं की कळतं, हे बांधणाऱ्यांनी परत जायचा विचार सोडला होता.

१९८९ नंतर हंगेरी मोकळी झाली आणि झिर्त्सचा मठ पुन्हा उघडला. जायला रस्ता झाला होता. पण अर्विंगचा मठ अर्विंगमध्येच राहिला, कारण तोवर त्यांच्या शाळेतली मुलंच मोठी होऊन मठात येऊ लागली होती. हंगेरीहून आलेली पिढी हळूहळू काळाच्या पडद्याआड गेली. १९५६ साली देश सोडलेले आणि १९८८ ते २०१२ मठाधिपती राहिलेले डेनिस फार्कशफाल्वी २०२० मध्ये कोविडनं गेले. आज तिथले तरुण साधू बहुतेक अमेरिकन आहेत. मठातली हंगेरियन भाषा त्या जुन्या पिढीबरोबर ओसरत गेली, शाळा मात्र चालू आहे.

हा सौदा फायद्याचा की तोट्याचा? मला वाटतं, आपल्या मंडळापुढं हाच प्रश्न आहे. आपण इथं इतकी वर्षं जे केलं ते बहुतांशी आपल्यापुरतं. गणपती, दिवाळी अंक, नाटकं, उसन्या खोल्यांत भरणारी रविवारची मराठी शाळा. यातलं काहीही कमी लेखायचं कारण नाही. भाषा टिकवायची तर ती घरात आणि मंडळातच टिकणार. साधूंची भाषा मागं पडली ही हानीच आहे आणि तिच्यावर पांघरूण घालू नये. पण केवळ आपल्यापुरतं केलेलं काम आपल्या मुलांच्या मुलांना आपलं वाटेल का? साधूंना पुढची पिढी मिळाली ती त्यांनी परक्यांची मुलं शिकवली म्हणून.

दोन्ही करायला काय हरकत आहे? आपल्यात गणित शिकवू शकणारे, तबला शिकवू शकणारे, प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेले कितीतरी जण आता निवृत्तीला आले आहेत. अर्विंगच्या सरकारी शाळांत आठवड्यातले दोन तास मंडळाच्या नावानं द्यावेत, वर्गणीतला थोडा भाग गावातल्या गरजू मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला काढावा, एवढी सूचना मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. ९६ विद्यार्थ्यांची वाट पाहायची गरज नाही, सहा मिळाले तरी पुष्कळ.

तोवर एक करा. एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन टेकडीवर जा. मनोरा पाहा आणि मग मठाच्या चर्चमध्ये जाऊन त्या चिऱ्यांना हात लावून पाहा. साधूंची सायंप्रार्थना आपल्या हरिपाठासारखी एका लयीत चालते आणि कोणीही मागं बसून ऐकू शकतं. मुलं विचारतील की हे लोक कुठून आले होते. सांगायला गोष्ट आता तुमच्याजवळ आहे.