लोअरिंग, मोटारगाडीचे (पुणे परिसर)

इंजिनाला हात न लावता सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडीचा सांगाडा जमिनीच्या जवळ आणणे. चाक आणि मडगार्ड यांमधली फट मिटावी व गाडी रुंद, बसकी दिसावी हा हेतू. शर्यतीच्या गाड्यांत गुरुत्वमध्य खाली आणण्यासाठीही उंची कमी करतात; या नोंदीत केवळ हौसेच्या लोअरिंगचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन-अमेरिकन तरुणांत ही हौस रुजली. चाकाच्या रिमपेक्षा खाली येईल अशी गाडी कॅलिफोर्नियाने १९५८ पासून बेकायदा ठरवली. १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी विमानातील हायड्रॉलिक भाग बसवून हवी तेव्हा वर-खाली होणारी गाडी तयार केली. ती बंदी २०२४ च्या आरंभी उठली.

पद्धती : (१) स्प्रिंग कापणे – सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक. एखादे वेटोळे ग्राइंडरने किंवा गॅसने उडवतात. स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते. सहा चालत्या वेटोळ्यांतले एक गेले तर कडकपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. गॅसच्या आचेने पोलादाचे पाणी उतरते. चाक अधांतरी झाले की आखूड स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते. (२) लोअरिंग स्प्रिंग – मुळातच आखूड घडवलेली. सोबत कंपनीचेच शॉकअ‍ॅब्सॉर्बर ठेवले तर ते लवकर जातात. (३) कॉइलओव्हर – आट्यांवरची कडी फिरवून उंची कमीजास्त करता येते. पावसाळ्यापुरती गाडी वर घेणे शक्य होते. (४) एअर सस्पेन्शन – स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे, जोडीला कॉम्प्रेसर आणि डिकीत टाकी. उभी असताना हवा सोडून गाडी टेकवायची, निघताना फुगवायची. पाट्यांच्या गाडीत अ‍ॅक्सल पाट्यावर असेल, तर दोहोंमध्ये ठोकळा घालतात.

तांत्रिक परिणाम : सस्पेन्शनची वर जाण्याची चाल कमी होते आणि खड्ड्याचा दणका रबरी बम्पस्टॉपवर, तिथून बॉडीवर जातो. चाके वरच्या बाजूने आत झुकतात (निगेटिव्ह कॅम्बर). त्यातच टो बिघडला, तर टायरची आतली कड झपाट्याने झिजते. बाहेरची नक्षी शाबूत दिसत असल्याने आतली तार उघडी पडेपर्यंत ते ध्यानात येत नाही. म्हणून उंची बदलताच अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख दोन्ही तपासावे लागतात.

गतिरोधकाचे गणित : लोअरिंग किती करावे हे पुण्यात डोळ्यांपेक्षा गतिरोधक ठरवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातील (आयआरसी ९९) गोलाकार गतिरोधक ३.७ मी. रुंद, मध्यभागी १० सेंमी. उंच आणि १७ मी. त्रिज्येचा असतो. पुढच्या व मागच्या चाकांत २.५ मी. अंतर असलेली गाडी त्याच्या मधोमध आली, की चारही चाके गतिरोधकाच्या उतारावरच असतात. माथा चाकांच्या पातळीहून जेमतेम ४.६ सेंमी. वर राहतो. गल्लीतल्या हात-दोन हात रुंदीच्या उंचवट्यावर मात्र चाके दोन्ही बाजूंना सपाट रस्त्यावर उतरतात आणि पूर्ण उंची पोटाखाली येते. १६५ मिमी. ग्राउंड क्लिअरन्सची गाडी ६० मिमी. खाली घेतली, तर १०५ मिमी. उरतात, चार माणसे बसली की तेही घटतात आणि १० सेंमी.च्या उंचवट्यावर चेंबर लागतो. त्यावर उपाय म्हणजे गाडी तिरकी घेऊन एकेक चाक चढवणे किंवा माणसे उतरवणे. सोसायटीच्या तळघरातील पार्किंगचा रॅम्प जिथे सपाटीला मिळतो, तिथेही हीच अडचण येते.

पुणे परिसर : पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांमुळे वाहन-कारागिरीचा वारसा मोठा. लोअरिंगच्या हौशी मंडळींत प्रिय असलेली फोक्सवॅगन पोलो २०२२ पर्यंत चाकणलाच तयार होई. सुट्या भागांसाठी नाना पेठ प्रसिद्ध आहे. जुन्या मालासाठी बुधवार-रविवारचा जुना बाजार. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल व नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. अशा वेळी साचलेल्या पाण्यात खाली घेतलेल्या गाडीच्या एअर इनटेकला धोका अधिक.

सौंदर्यदृष्टी : व्यक्तिगत आवडीचा विषय.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच तत्त्व उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रु. दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीच्या मूळ नमुन्याची चाचणी केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खालील संस्था करतात. त्यांपैकी एआरएआय (स्थापना १९६६) पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. कलम ५२ मध्ये 'बदल' म्हणजे गाडीचे मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा रचनेतील फरक. नोंदणी प्रमाणपत्रात चाकांमधील अंतर व वजन असते, ग्राउंड क्लिअरन्स नसतो. त्यामुळे थोडेसे लोअरिंग या व्याख्येत बसते का, याबाबत मतभिन्नता आढळते.

विमा : बदल कंपनीला कळवलेला नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो.