बोल्ट-रायफल

बोल्ट-रायफल : ज्या रायफलीत नळीचे मागील तोंड हाताने मागेपुढे सरकविता येणाऱ्या दंडगोलाकृती पोलादी अडसराने, म्हणजे बोल्टने, बंद केले जाते, ती बोल्ट-रायफल होय. एकोणिसाव्या शतकात सैनिकी शस्त्र म्हणून निर्माण झालेली ही रायफल पुढे शिकार व लक्ष्यवेध या दोहोंसाठी जगभर मान्यता पावली. प्रारंभी अचूक रायफल म्हणजे कुशल कारागिराने एकेक भाग कानशीने घासून जुळविलेली, म्हणूनच महाग वस्तू असे. दुसऱ्या महायुद्धानंतर अचूकतेची जबाबदारी कारागिराच्या हाताकडून आराखड्याकडे व यंत्राकडे गेली आणि चांगली रायफल सामान्य उत्पन्नाच्या माणसाच्या आवाक्यात आली.

रचना व अचूकता : बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढली की झाडलेल्या काडतुसाचे कवच बाहेर पडते. बोल्ट पुढे ढकलला की पेटीतील नवे काडतूस नळीच्या मागील कोठीत शिरते. मूठ खाली दाबली म्हणजे बोल्टच्या खुंट्या पोलादी कोठ्यातील खाचांत अडकतात व नळीचे तोंड घट्ट बंद होते. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत आघातक सुईखेरीज यंत्रणेतील कोणताही भाग हलत नाही. स्वयंभरण रायफलीत मात्र बारवायूचा किंवा प्रतिक्षेपाचा काही जोर यंत्रणा चालविण्यासाठी वापरला जातो. दृढ बंद, अल्प हालचाल आणि मोजके भाग ही बोल्ट-रायफलीच्या अचूकतेची प्रमुख कारणे होत.

अचूकता ही लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांच्या पुंजक्याच्या रुंदीवरून ठरवितात व ती अंशाच्या साठाव्या भागात, म्हणजे मिनिटात, सांगतात. एक मिनिट म्हणजे १०० मी. अंतरावर सु. २·९ सेंमी. दोन मिनिटांच्या रायफलीचा पुंजका २०० मी.वर सु. १२ सेंमी. रुंद होतो, हरणासारख्या जनावराच्या मर्मस्थानासाठी एवढी अचूकता पुरते. याउलट ५० मी. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०·४ मिमी. व्यासाचे, म्हणजे पाऊण मिनिटाहूनही किंचित लहान असते. शिकारी व नेमबाज यांच्या गरजांतील अंतर यावरून स्पष्ट होते.

इतिहास : योहान निकोलाउस फोन ड्रायझे या जर्मन कारागिराने तयार केलेली बोल्ट-पद्धतीची ‘सुई-बंदूक’ प्रशियाने १८४१ मध्ये स्वीकारली. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात तिचा प्रभाव दिसून आला. ओबर्नडोर्फ येथील पाउल व व्हिल्हेल्म माउझर या बंधूंची धातूचे काडतूस वापरणारी रायफल १८७१ ची होय. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ मध्ये निर्धूम दारू सिद्ध केली. त्यामुळे गोळीचा व्यास घटला, वेग व दाब वाढले आणि बोल्ट अधिक बळकट करणे भाग पडले. ब्रिटनमध्ये जेम्स पॅरिस ली यांच्या यंत्रणेवर आधारलेली ली-एन्फील्ड ही ०·३०३ इंच रायफल १८९५ मध्ये आली. माउझरच्या १८९८ च्या नमुन्यात बोल्टच्या पुढील टोकाशी दोन खुंट्या, मागे तिसरी सुरक्षा-खुंटी आणि काडतुसाचे बूड पेटीतून निघतानाच पकडणारा मोठा आकडा होता. पुढील बहुसंख्य शिकारी रायफली याच नमुन्यावरून बेतल्या गेल्या.

लंडनच्या रिग्बीसारख्या पेढ्या माउझर यंत्रणेभोवती उत्तम शिकारी रायफली बांधीत. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये भेट मिळालेली ०·२७५ इंच रिग्बी रायफल याच प्रकारची होती. अशा रायफली धनिकांनाच परवडत. सामान्य शिकाऱ्याने वेगळा मार्ग काढला : दोन्ही महायुद्धांनंतर सैन्याने विकून टाकलेल्या माउझर, स्प्रिंगफील्ड व एन्फील्ड रायफली स्वस्तात घेऊन त्यांचा दस्ता व दर्शके तो बदलून घेई. अमेरिकेतील ही बाजारपेठ १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने बरीच आकुंचित झाली.

किंमत घटविण्याचे प्रयत्न : मधल्या काळात कारखानदारांनी मूळ आराखड्याचाच पुनर्विचार केला होता. माउझर यंत्रणेचा कोठा घडीव पोलादातून अनेक यंत्रक्रियांनी कोरावा लागे. रेमिंग्टन कंपनीने १९४८ मध्ये आणलेल्या ७२१ व ७२२ या नमुन्यांचा कोठा गोल पोलादी दांड्यापासून लेथवर तयार होई. त्यांच्या आराखड्यात प्रमुख वाटा असलेले माइक वॉकर हे स्वतः अचूक नेमबाजीचे अभ्यासक होते. १९६२ चा ७०० हा प्रसिद्ध नमुना याच मालिकेतील असून अमेरिकन सैन्याच्या एम-२४ या दूरवेधी रायफलीचा पाया तोच होता.

निकोलस ब्रूअर यांनी आखलेल्या सॅव्हेज ११० या नमुन्याने (१९५८) याहून मोठी बचत साधली. बोल्टचे तोंड व काडतुसाचे बूड यांमधील अंतर फार नेमके असावे लागते. पूर्वी ते नळीचा मागील भाग थोडाथोडा कापून जुळवीत. सॅव्हेजमध्ये कोठीत मापक ठेवून नळी त्याला टेकेपर्यंत फिरवितात व मोठ्या चाकीने (नटाने) ती तेथेच आवळतात. कुशल फिटरचे काम अशा रीतीने एका चाकीने केले. नळ्यांचेही तसेच झाले. पूर्वी आटे कापण्यासाठी हत्यार नळीतून अनेक वेळा ओढावे लागे. पुढे कठीण धातूची गुंडी एकदाच ओढून आटे दाबून उठविण्याची, तसेच नळीत साचा ठेवून बाहेरून यांत्रिक हातोड्यांनी ठोकण्याची पद्धत रूढ झाली.

काटकसर सर्वत्र यशस्वी झाली असे मात्र नव्हे. विंचेस्टर कंपनीने आपला १९३६ पासूनचा ७० हा लोकप्रिय नमुना १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी बदलला. मोठा आकडा वगळला गेला व दस्त्यावरील नक्षी कोरण्याऐवजी दाबून उठविली गेली. नवी रायफल नेम साधण्यात फारशी उणी नव्हती; पण हिंस्र जनावरासमोर काडतूस बिनचूक भरले जाईल, हा शिकाऱ्यांचा विश्वास डळमळला. १९६४ पूर्वीच्या जुन्या रायफलींना त्यामुळे अधिक किंमत येऊ लागली. काटकसर कोठे करावी व कोठे करू नये, याचा हा धडा होता. फिनलंडची टिक्का टी-३ (२००३) व अमेरिकेची रूगर अमेरिकन (२०११) या रायफलींत दस्ता कृत्रिम द्रव्याचा व बाह्य सजावट जुजबी आहे. नळी व यंत्रणेची बैठक यांत मात्र तडजोड केलेली नाही.

निवड : रायफलीची अचूकता प्रामुख्याने नळी, यंत्रणेची दस्त्यातील बैठक व चाप यांवर अवलंबून असते, लाकडाची प्रत व नक्षी यांवर नाही. दस्ता व नळी यांच्यामधून कागदाची पट्टी मोकळेपणी सरकली, तर दस्त्याचा दाब नळीवर येत नाही असे समजावे. चाप न घसटता, एकाच जागी व हलक्या दाबाने सुटावा. जुन्या रायफलीत नळीच्या तोंडाची झीज, आतील गंज आणि खुंट्यांची स्थिती पाहणे अगत्याचे असते. शिकारीची रायफल दिवसभर खांद्यावर वागवावी लागत असल्याने हलकी असावी. लक्ष्यवेधाच्या रायफलीस जड नळी उपकारक ठरते. सहज मिळणारे व बेताच्या धक्क्याचे काडतूस निवडल्यास सराव अधिक होतो. त्याच रायफलीतून निरनिराळ्या बनावटीची काडतुसे निरनिराळे पुंजके देतात. म्हणून ती झाडून पारखावी लागतात.

भारतातील स्थिती : सैनिकी काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये, या धोरणामुळे ०·३०३ ऐवजी ०·३१५ इंच रायफल भारतात प्रचलित झाली. सरकारी आयुध कारखान्यांत बनणाऱ्या या रायफलीची यंत्रणा ली-एन्फील्डचीच आहे. रायफल बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना लागतो. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने व त्याच्या १९९१ मधील दुरुस्तीने हौशी शिकार संपुष्टात आली. त्यामुळे भारतात या रायफलीचे खेळातील स्थान लक्ष्यवेधापुरते उरले. त्यात महाराष्ट्राची, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्याची, कामगिरी उल्लेखनीय आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मी. पालथे झोपून नेमबाजीच्या प्रकारात सुवर्णपदक मिळविले. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. तीन स्थितींच्या प्रकारात ४५१·४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. या प्रकारांत ०·२२ इंच रायफलीत प्रत्येक काडतूस हाताने भरावे लागते. जलद मारा हे सैनिकी बोल्ट-रायफलीचे आद्य उद्दिष्ट होते. येथे ते मागे पडले असून एकाग्र चित्ताने सोडलेल्या एकेका गोळीलाच महत्त्व आले आहे.