अंडमोचन व प्रतिरक्षा-संदेशक रेणू

अंडकोशातील पक्व पुटक (अंडाणूभोवतीची द्रवयुक्त पिशवी) फुटून अंडाणू बाहेर पडण्याच्या क्रियेस अंडमोचन म्हणतात. ही क्रिया हॉर्मोनांच्या आदेशाने सुरू होते. तथापि ती तडीस नेण्यात रोगप्रतिकारक यंत्रणेतील संदेशवाहक रेणूंचा मोठा वाटा असल्याचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट होत गेले.

डच शरीररचनाविज्ञ रेनिअर द ग्राफ यांनी १६७२ मध्ये पुटकांचे सविस्तर वर्णन केले. मात्र संपूर्ण पुटक म्हणजेच अंडे, अशी त्यांची समजूत होती. सस्तन प्राण्यांचा खरा अंडाणू कार्ल अर्न्स्ट फोन बेअर यांनी १८२७ मध्ये कुत्रीच्या अंडकोशात दाखविला. आतील द्रवाचा दाब वाढून पुटक फुटते, हे मत दीर्घकाळ प्रचलित होते. १९६३ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स एस्पी व एच्. लिपनर यांनी सशांच्या पुटकांतील दाब मोजला असता, फुटण्यापूर्वी तो वाढत नसल्याचे आढळले. म्हणजे पुटकाची भित्तीच दुर्बळ होत असली पाहिजे. १९७०–८० या दशकात इंडोमेथासीन हे शोथरोधी (दाहयुक्त सूज कमी करणारे) औषध दिल्यास प्राण्यांतील अंडमोचन थांबते, असे दिसून आले. हे औषध प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते. या निरीक्षणांच्या आधारे एस्पी यांनी १९८० मध्ये अंडमोचन ही शोथासारखीच विक्रिया असल्याचे गृहीतक मांडले.

पुढे मॅट्स ब्रेनस्ट्रोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या अंडकोशावर प्रयोग करून इंटरल्यूकीन–१ हा रेणू अंडमोचनास चालना देतो, असे १९९३ मध्ये दाखविले. मानवी पुटकद्रवात इंटरल्यूकीन–८ सापडले. ते श्वेत कोशिकांना आकर्षून घेते. पोष ग्रंथीतील पीतपिंडकारक हॉर्मोनाचे रक्तातील प्रमाण एकाएकी वाढले की, पुटकाच्या कोशिका प्रोस्टाग्लँडिने व इंटरल्यूकिने निर्माण करतात. रक्तवाहिन्या विस्फारतात, श्वेत कोशिका भित्तीत शिरतात आणि प्रथिनांचे विघटन करणारी एंझाइमे भित्तीतील कोलॅजेन तंतू सैल करतात. हॉर्मोनाच्या वाढीस प्रारंभ झाल्यापासून सु. ३६ तासांनी पुटक फुटते. त्यानंतर जखम भरून यावी तसे त्याचे रूपांतर पीतपिंडात होते. शोथ येथे विकार नसून मर्यादित व नियंत्रित असे शरीरकार्य ठरतो.

या ज्ञानाला वैद्यकीय महत्त्व आहे. शोथरोधी वेदनाशामकांमुळे स्त्रियांमध्येही पुटक न फुटता तसेच राहू शकते, हे १९८७ मध्ये, तर रोफेकॉक्सिब या औषधाने (२००४ मध्ये बाजारातून मागे घेतलेल्या) फुटणे लांबते, हे २००१ मध्ये दाखविण्यात आले. न फुटलेल्या पुटकाचेही पीतपिंडसदृश रूपांतर होऊन प्रोजेस्टेरोन स्रवते व मासिक पाळी येते; त्यामुळे केवळ रक्ततपासणीवरून अंडमोचन झाल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून वंध्यत्वाची कारणे शोधताना अशा औषधांच्या सेवनाची चौकशी करणे आवश्यक ठरते. श्वेत कोशिका कमी करून केलेले प्रयोग मात्र मुख्यतः प्राण्यांवरील असल्याने त्यांचे निष्कर्ष मानवास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.